वावर, घर आणि रोजचं लिहिणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या वाचनालयात पुस्तक बदलायला येणारे लोक जाता जाता हे प्रश्न विचारतात. त्यांत कास्तकार आहेत, बचत गट चालवणाऱ्या ताई आहेत, एसटीने तालुक्याला कॉलेजला जाणारी पोरं आहेत आणि निवृत्त झालेले एक-दोन गुरुजीही आहेत. उत्तरं माझ्या अनुभवातली आणि वाचनातली आहेत. वाचन, लिहिणं आणि शिकत राहणं ही तीन कामं मी वेगळी मानत नाही, म्हणून उत्तरांतही ती एकमेकांत मिसळलेली दिसतील.

लिहायचं काय? आमच्या आयुष्यात लिहिण्यासारखं काही घडतच नाही.

आज काय पाहिलं, काय ऐकलं, काय केलं, एवढंच लिहा. पाणी पडलं का, किती पडलं. कोणत्या वावरात, म्हणजे शेतात, काय काम झालं, मजुरी काय दिली. बाजारात तुरीला काय भाव निघाला. शेजारच्या काकूंनी अंबाडीच्या भाजीत काय घातलं.

‘आज खूप काम होतं’ हे वाक्य कुणीही लिहू शकतं. ‘पांदणीत चिखल झाला म्हणून बंडी अलीकडेच सोडली आणि खताच्या थैल्या डोक्यावर नेल्या’ हे मात्र त्या दिवशी तिथे असलेल्या माणसालाच लिहिता येतं. लिहिणाऱ्याजवळ भारी विचार हवेत असा समज आहे. मला तो चुकीचा वाटतो. विचार पुढे येतात, आधी तपशील लागतो.

अशा नोंदीचा वावरातही उपयोग होतो. २०१७ च्या खरिपात गुलाबी बोंडअळीनं विदर्भातल्या पऱ्हाटीचं, म्हणजे कपाशीचं, काय केलं, ते कुणी विसरलं नसेल. कामगंध सापळ्यात (मादीच्या वासानं नर पतंग ओढणारा सापळा) सलग ३ रात्री दर सापळ्यामागे ८ किंवा अधिक पतंग सापडले की उपाय करायची वेळ आली, असं कृषी शास्त्रज्ञ सांगतात. परवा किती होते, काल किती होते, हे डोक्यात राहत नाही. ज्यानं रोज वहीत आकडा मांडला, त्यालाच वेळेवर कळतं. सोयाबीनसाठी ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका म्हणतात, तिथेही तीच गोष्ट. रोज आकडा लिहिणारा कास्तकार लेखकच आहे. त्या आकड्याखाली त्यानं दोन वाक्यं वाढवली की झालं.

रोज किती लिहायचं?

पाच ओळी. त्याहून जास्त सुचलं तर लिहा, पण नेम पाच ओळींचाच ठेवा. थकलेल्या दिवशीही पार पडेल एवढाच नेम टिकतो.

वेळ कुठून आणायचा? सकाळी पाचपासून रात्री नऊपर्यंत हात रिकामे नसतात.

‘रात्री निवांत बसून लिहीन’ असं ठरवलेलं लिहिणं सहसा होत नाही. रात्र येते तेव्हा अंगात त्राण नसतं. म्हणून घड्याळातली वेळ धरू नका, रोज न चुकता होणारं एखादं काम धरा आणि त्याच्या पाठीला लिहिणं बांधा. ढोरांना चारा-पाणी झालं की वही. कुकर गॅसवर चढवला की वही. हरभऱ्याला ओलित सुरू करून एक पाळी भरेपर्यंत धुऱ्यावर बसायचंच असतं, तेव्हा वही. एसटीची वाट पाहताना मोबाइल निघतोच, त्याआधी वही काढायची. काम ठरलेलं असलं की ‘आज कधी लिहू’ हा प्रश्नच उरत नाही, आणि माणसाची अर्धी शक्ती त्या प्रश्नातच जाते.

दुसरी गोष्ट, वर्षभर एकाच मापानं लिहिण्याचा हट्ट धरू नका. आपलं वर्ष हंगामावर चालतं. मृग लागल्यापासून पोळ्यापर्यंत पेरणी, डवरणी, निंदण असतं. तेव्हा पाच ओळींच्या दोन झाल्या तरी मी त्याला खाडा म्हणत नाही. सोयाबीनची सवंगणी, म्हणजे कापणी, आणि त्यामागोमाग कापसाची वेचणी, या काळात बोटं इतकी दुखतात की पेन धरवत नाही. तेव्हा मोबाइलवर बोलून ठेवा. एप्रिल-मेमध्ये पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि दुपारी बारा ते चार कुणी घराबाहेर पडत नाही. हे आमच्या भागातले लांब वाचनाचे आणि लांब लिहिण्याचे दिवस. वर्षभराच्या तुटक नोंदी काढून त्यातून एखादा पूर्ण लेख करायचा असेल तर तो याच दुपारी करावा.

पूर्व विदर्भाचं गणित वेगळं आहे. गडचिरोली, गोंदियाकडे मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं आणि मे महिन्यात तेंदूपत्ता असतो, म्हणजे उन्हाळा हाच राबण्याचा हंगाम. तिकडच्या मित्रांना मी सांगतो, धानाची रोवणी आटोपली की कापणीपर्यंत जरा उसंत असते, तो तुमचा लिहिण्याचा काळ धरा.

२१ दिवस केलं की सवय लागते म्हणतात. खरं आहे का?

त्या आकड्याच्या भरवशावर राहू नका. २१ दिवसांची गोष्ट मॅक्सवेल मॉल्ट्झ नावाच्या अमेरिकी प्लास्टिक सर्जनच्या १९६० मधल्या लिखाणातून पसरली. चेहरा बदललेल्या माणसाला नव्या रूपाची ओळख व्हायला निदान २१ दिवस लागतात, असं त्यांचं निरीक्षण होतं. पुढे लोकांनी त्यातलं ‘निदान’ गाळलं आणि ते सगळ्या सवयींना लावलं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ लोकांवर अभ्यास केला, तो २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात एखादी गोष्ट आपोआप व्हायला सरासरी ६६ दिवस लागतात असं दिसलं. माणसामाणसातला फरक मात्र १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत होता.

या अभ्यासातली मला सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट वेगळीच आहे. मध्ये एखादा दिवस चुकला तर सवय लागण्यावर फारसा परिणाम होत नाही. लग्नसराईत, दवाखान्याच्या धावपळीत, सलग तीन दिवस लाइन (वीज) नसताना नेम चुकणारच. चुकलेल्या दिवसांची भरपाई करत बसू नका. आजची तारीख टाका आणि आजचं लिहा.

वाचतो बरंच, पण लक्षात राहत नाही. काय करू?

या प्रश्नावर मी जरा थांबून बोलतो, कारण वाचन आणि लिहिणं जोडलं जातं ते इथेच.

आपण सहसा काय करतो? पान आवडलं तर पुन्हा वाचतो, खालून रेघ मारतो, फार तर वाक्य जसंच्या तसं उतरवून घेतो. त्यानं ओळखीचं वाटायला लागतं आणि ओळखीचं वाटलं की समजलं असं वाटतं. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. काहींनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला. काहींनी एकदा वाचून मिटवला आणि आठवेल ते लिहून काढलं. पाच मिनिटांनी विचारलं तर पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानं विचारलं तर आठवून लिहिणारे बरेच पुढे गेले.

म्हणून माझी रीत अशी आहे. प्रकरण वाचायचं, पुस्तक मिटायचं, ते नजरेआड ठेवायचं आणि आपल्या शब्दांत पाच-सहा ओळी लिहायच्या. जिथे पेन अडेल तिथे समजलेलं नाही, हे लगेच कळतं. मग पुस्तक उघडून तेवढीच जागा पुन्हा वाचायची. शेवटी एक ओळ स्वतःची लिहायची: हे मला पटलं का, आमच्या गावात असं घडतं का. ही शेवटची ओळ कधी सोडू नका. पुस्तकातली माहिती तुमची होते ती त्या ओळीत.

शाळा सुटून वीस वर्षं झाली. आता नव्यानं शिकायचं तर सुरुवात कुठून?

एका वर्षाला एक विषय धरा, आणि तो रोजच्या जगण्यातला असू द्या. आमच्याकडे एका भाऊंनी माती हा विषय धरला. मृदा आरोग्य पत्रिकेत १२ गोष्टींचे आकडे असतात आणि बहुतेक घरांत ती पत्रिका ट्रंकेत पडून असते. त्यांनी एकेक आकडा घेतला. सामू म्हणजे काय, सेंद्रिय कर्ब कमी आहे म्हणजे नेमकं काय कमी आहे, जस्त कमी पडलं तर पानावर काय दिसतं, हे कृषी सहायकाला विचारलं, पुस्तकात पाहिलं आणि प्रत्येक आकड्यावर एक पान लिहिलं. वर्षाअखेर त्यांच्याजवळ त्यांच्याच वावराचं एक छोटं पुस्तक तयार झालं. खताच्या दुकानात आता ते प्रश्न विचारतात.

कुणी सातबारा आणि फेरफार समजून घ्यावा, कुणी बचत गटाचा हिशोब, कुणी गावाभोवतीची पाखरं, कुणी तुकडोजी महाराजांची ग्रामगीता ४१ अध्यायांतून ओवी ओवीनं वाचावी. रीतसर पदवी हवी असेल तर नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे आणि त्याची अभ्यासकेंद्रं विदर्भातही आहेत. अक्षरओळखच राहून गेली असेल तर १५ वर्षांवरच्या सगळ्यांसाठी ‘उल्लास’ हा नवभारत साक्षरता कार्यक्रम आहे. गावच्या शाळेत चौकशी करा.

खेड्यात पुस्तकं मिळणार कुठं?

आधी जवळचं वाचनालय. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ चा आहे. त्याखाली मान्यता मिळालेल्या ग्रंथालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग आहेत आणि त्यांना सरकारी अनुदान मिळतं. आपल्याकडची बरीचशी ‘ड’ वर्गातली असतात. पुस्तकं थोडी असतात, पण मागणी नोंदवली तर पुढच्या खरेदीत ती येऊ शकतात. मागणी नोंदवतच कुणी नाही, ही माझी तक्रार आहे.

मोबाइलवर मराठी विश्वकोश फुकट वाचता येतो. विकिस्रोतवर स्वामित्वहक्काची मुदत संपलेली जुनी मराठी पुस्तकं आहेत. आपल्या देशात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी ही मुदत संपते. आणि वर्षातून एकदा, दसऱ्याला, नागपूरच्या दीक्षाभूमीवर पुस्तकांची जी रांगच्या रांग लागते, ती प्रत्येक वाचणाऱ्यानं पाहावी. खेड्यापाड्यांतून आलेली माणसं, ज्यांच्या पिशवीत शिदोरी आणि एक चादर असते, ती परतताना त्याच पिशवीत पुस्तकं घालून नेतात. बाबासाहेबांनी १९५६ मध्ये तिथे दीक्षा दिली. त्यांनी लावलेली वाचनाची ओढ तिथे आजही डोळ्यांनी दिसते.

मी बोलतो वऱ्हाडीत. लिहू कशात?

जे तोंडात येते त्यात. वही तुमची आहे, तिथे व्याकरण तपासायला कुणी येत नाही. ‘आज पाणी पडलं नाई. दुबार पेरणीचं भेव वाटते. माय म्हणे, मिरग कधी कधी दगा देते.’ या तीन वाक्यांना प्रमाण भाषेत नेलं तर माय गप्प होते. माणसांचं बोलणं त्यांच्याच बोलीत ठेवा. अर्ज, बातमी, परीक्षेचं उत्तर यांसाठी प्रमाण मराठी लागते, तर तीही शिका, त्यासाठी वाचन आहे. एक आली म्हणून दुसरी सोडावी लागत नाही. पूर्व विदर्भातल्या झाडीबोलीवाल्यांना तर हे वेगळं सांगायला नको. दिवाळीनंतर वडसा-देसाईगंजच्या कंपन्यांची नाटकं गावोगाव रात्र रात्र चालतात आणि त्यांना तिकीट काढून गर्दी होते.

वही बरी की मोबाइल?

वही. तिला चार्जिंग लागत नाही आणि लिहिता लिहिता तिच्यावर कुणाचा मेसेज येत नाही. शंभर पानांची साधी वही घ्या. महागडी डायरी घेतली की तिच्यात चांगलंच लिहावं असं दडपण येतं.

मोबाइल दोन कामांसाठी ठेवा. हात गुंतलेले असताना मराठी व्हॉइस टायपिंगनं बोलून ठेवायला, आणि महिन्यातून एकदा वहीच्या पानांचे फोटो काढायला.

घरचे वाचतील, हसतील, अशी भीती वाटते.

हा प्रश्न मला जवळजवळ नेहमी ताई आणि सुना विचारतात. घरात कुलूप असलेलं कपाट एकच आणि किल्ली सासूबाईंकडे, मग मनातलं लिहायचं कसं? सुरुवातीला हिशोबाच्या वहीतच लिहा, मागच्या पानापासून. हिशोबाची वही कुणी उत्सुकतेनं चाळत नाही. फार खाजगी असेल ते मैत्रिणीच्या नावाच्या जागी झाडाचं नाव टाकून लिहा. आणि जे उघडं पडलं तर खरंच त्रास होईल, ते लिहून लगेच फाडून टाकलं तरी चालतं. लिहिताना जे मोकळं व्हायचं ते झालेलं असतं.

हसणारे हसतात. महिना-दोन महिन्यांनी तेच विचारतात, ‘मागच्या साली गहू कधी पेरला होता, पाय बरं तुझ्या वहीत.’

दुःखाबद्दल लिहावं का? नापिकी, कर्ज, घरातलं कुणी गेलेलं?

लिहावंसं वाटत असेल तर जरूर लिहावं, पण बेतानं. जेम्स पेनेबेकर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकात लोकांना सलग ४ दिवस, रोज १५ मिनिटं, मनात दाबून ठेवलेल्या घटनेबद्दल लिहायला सांगितलं. लिहिल्यावर लगेच बरेच जण उदास झाले, पण पुढच्या महिन्यांत त्यांचं डॉक्टरकडे जाणं कमी झालं. म्हणजे आधी जड वाटतं आणि हलकं नंतर होतं, हे माहीत ठेवून बसा. एका बैठकीत सगळं उकरू नका.

आमच्या जिल्ह्यानं शेतकरी आत्महत्या फार पाहिल्या आहेत, म्हणून हे स्पष्ट लिहितो. लिहिताना जगणं नकोसं वाटू लागलं, तर वही बंद करा आणि माणसाशी बोला. घरच्यांशी, आशाताईंशी, कुणाशीही. ‘टेलि-मानस’ ही सरकारी मदतवाहिनी १४४१६ या क्रमांकावर फुकट आहे, दिवसरात्र, आणि मराठीतही बोलता येतं. वही ही उपचाराची जागा घेत नाही.

आजोबा-आजींच्या आठवणी लिहून घ्यायच्या आहेत. कसं करू?

ताबडतोब सुरू करा. यासारखं दुसरं लिहिणं नाही, आणि याची थोर परंपरा आपल्याच मातीत आहे. अमरावती जिल्ह्यात मोर्शी तालुक्यात रिद्धपूर आहे. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी तिथे महानुभाव पंथाचे संस्थापक चक्रधरस्वामी यांच्या आठवणींचं लीळाचरित्र सिद्ध केलं. ते लिहिलं कसं, हे पाहा. ज्यांनी स्वामींना पाहिलं होतं, ऐकलं होतं, त्यांच्याकडे ते स्वतः गेले, प्रत्येकाची आठवण टिपली आणि स्वामींचे शिष्य नागदेवाचार्य यांच्याकडून ती पारखून घेतली. मराठी गद्याचा पहिला मोठा ग्रंथ असा विचारून विचारून लिहिला गेला आहे. आता त्याच रिद्धपुरात मराठी भाषा विद्यापीठ सुरू झालं आहे.

ही रीत आपल्याला जशीच्या तशी उचलता येते. ‘आजी, तुझ्या वेळचं काही सांग’ असं विचारलं तर आजी म्हणते, ‘काय सांगू बाप्पा, कष्टच कष्ट.’ नेमकं विचारा. लग्नाच्या दिवशी जेवायला काय होतं? पहिल्यांदा आगगाडी कधी पाहिली? दुष्काळात, १९७२ साली, रोजगार हमीच्या कामावर काय खोदलं, मजुरी कशी मिळाली? विहिरीला पाणी कितीवर होतं? हातात काम असताना माणूस मोकळा बोलतो, म्हणून तुरी सोलताना, वाती वळताना शेजारी बसा. रेकॉर्डिंग करायचं तर आधी विचारा. त्याच रात्री आठवतं तोवर उतरवून काढा, त्यांच्याच शब्दांत. मग तीच गोष्ट मोठ्या काकाजींना विचारा. दोघांचं जुळलं नाही तर दोन्ही लिहा, कोण म्हणालं तेही लिहा. तिसऱ्या दिवशी आजीला वाचून दाखवा. ‘नाही रे, तेव्हा तुझ्या आज्याजवळ बैलच नव्हते’ अशी दुरुस्ती हमखास येते, आणि दुरुस्ती करता करता ती आणखी एक गोष्ट सांगते.

लीळाचरित्राची मूळ प्रत पुढे धामधुमीत हरवली आणि ज्यांना ते पाठ होतं त्यांच्याकडून ते पुन्हा उभं करावं लागलं. आज तुमच्या आजीच्या गोष्टी कुणाला पाठ नाहीत. म्हणून वर पानांचे फोटो काढायला सांगितलं. एक प्रत भावाकडे, एक बहिणीकडे पाठवून ठेवा.

छापून कधी येईल?

वर्षभर तरी हा प्रश्न बाजूला ठेवा. मग वहीतला एक तुकडा निवडा, दोनदा नव्यानं लिहा, मोठ्यानं वाचा, जिथे श्वास अडखळतो तिथे वाक्य तोडा. स्थानिक दैनिकांच्या पुरवण्या आणि दिवाळी अंक नवं लेखन घेतात. विदर्भ साहित्य संघ १९२३ पासून काम करतो आहे, त्याचं ‘युगवाणी’ हे नियतकालिक आहे आणि जिल्ह्याजिल्ह्यांत शाखा आहेत. पैसे घेऊन पुस्तक काढून देणाऱ्यांच्या मागे मात्र घाईनं लागू नका.

चार-पाच जण मिळून लिहिता येईल का?

येईल, आणि एकट्यापेक्षा जास्त टिकेल. महिन्यातून एकदा बसा. प्रत्येकानं वहीतलं एक पान वाचायचं, ऐकणाऱ्यांनी ‘छान’ म्हणायचं नाही. कोणतं वाक्य डोळ्यांपुढे आलं आणि कुठे कळलं नाही, एवढंच सांगायचं. महिन्यात वाचलेल्या पुस्तकाबद्दलही पुस्तक न उघडता दोन मिनिटं बोलायचं. जे लिहू शकत नाहीत त्यांनी सांगावं, शेजाऱ्यानं लिहून घ्यावं. पावसाळ्यात बैठक चुकली तर पोळ्यानंतर पुन्हा धरा. वाचनालय नसेल तर रविवारी शाळेची खोली मागा, मुख्याध्यापकांना आधी भेटून किल्लीची जबाबदारी एकानं घ्यावी.